कोणी अडवलं नव्हतं

नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दुर्मीळ आजारांवरच्या चार औषधांची माहिती जाहीर केली. ही औषधं आता भारतीय कंपन्या बनवू लागल्या होत्या. त्यातलं एक ट्रायएन्टिन, विल्सन्स डिसीज या आजारावरचं. परदेशातून आणलं तर वर्षाचा खर्च २.२ कोटी रुपये, इथे बनलेलं घेतलं तर २.२ लाख. बरोबर शंभर पट फरक.

असा आकडा वाचला की आपण मनातल्या मनात एक गोष्ट रचतो. औषध नवं असणार, मोठ्या कंपनीने त्यावर पेटंट घेतलं असणार, ते संपलं किंवा कोर्टात पडलं, आणि मग आपल्या लोकांनी ते स्वस्तात बनवलं. अशा गोष्टी खऱ्याही असतात. २०१२मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला कॅन्सरवरच्या एका औषधासाठी सक्तीचा परवाना मिळाला, तेव्हा महिन्याचा २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. या गोष्टीत खलनायक कोण आणि नायक कोण हे चटकन कळतं, म्हणून ती सांगायला सोपी.

ट्रायएन्टिनची गोष्ट तशी नाही. त्या जुन्या रेणूभोवती पेटंटचं कुंपण नव्हतं. भारतातल्या कुठल्याही औषध कंपनीने दहा, वीस वर्षं आधी ते बनवलं असतं, तरी तिच्यावर कुणी दावा ठोकला नसता. मग ते इतकी वर्षं का बनलं नाही? आणि बनलं नाही यात दोष कुणाचा? मला छळणारा प्रश्न हा दुसरा आहे.

आधी आजार. आपल्या खाण्यापिण्यातून रोज थोडं तांबं शरीरात जातं. लागेल तेवढं वापरून उरलेलं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम ज्या जनुकावर चालतं त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तांबं बाहेर पडत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत, मग डोळ्यांच्या बुबुळाभोवती तपकिरी कड्यासारखं दिसू लागतं. किनियर विल्सन या डॉक्टरने १९१२मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. साधारण तीस हजारांत एकाला होतो असं धरतात. वेळेवर ओळखला आणि औषध आयुष्यभर चालू ठेवलं, तर माणूस नोकरी करतो, लग्न करतो, म्हातारा होतो. औषध थांबलं तर मरतो. इतकं सरळ गणित फार थोड्या आजारांत असतं.

१९५०च्या दशकापर्यंत या आजारावर तोंडाने घ्यायचं औषध नव्हतं. जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरला पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत पेनिसिलामाइन नावाचा पदार्थ सापडला होता. पुढे बोस्टनमध्ये विल्सन्सचा रुग्ण पाहताना त्याच्या लक्षात आलं की या पदार्थाची रचना तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढेल अशी आहे. त्याने ते आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णाला दिलं, आणि १९५६मध्ये निष्कर्ष छापले. पण पेनिसिलामाइन सगळ्यांना सोसत नाही. कुणाची मूत्रपिंडं बिघडतात, कुणाच्या रक्तपेशी घटतात. अशा रुग्णांसाठी वॉल्शने १९६९मध्ये ट्रायएन्टिन पुढे आणलं. याचा मूळ पदार्थ एक साधं औद्योगिक रसायन आहे. एपॉक्सी घट्ट करायच्या हार्डनरमध्ये तो वापरतात. (अर्थात हार्डनर म्हणजे औषध नव्हे. औषधासाठी त्याचा शुद्ध केलेला क्षार लागतो.)

आणि मग त्यांनी जे केलं ते माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला फार ओळखीचं वाटतं. १९७२मध्ये वॉल्श आणि केंब्रिजमधले त्याचे दोन सहकारी यांनी हा क्षार कसा तयार करायचा याची कृती ‘लॅन्सेट’मध्ये छापून टाकली. ज्याला लागेल त्याने बनवावं. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड उघडा टाकला.

आता पुढचे आकडे पाहा. अमेरिकेत या औषधाच्या ब्रँडची मालकी २०१०मध्ये व्हॅलियंट या कंपनीकडे आली. तेव्हा शंभर कॅप्सूलच्या बाटलीची किंमत ६५२ डॉलर होती. २०१५मध्ये ती २१,२६७ डॉलर झाली. कॅप्सूल तीच, कृती तीच, चाळीसेक वर्षं जुनी. २०१८मध्ये तेवा कंपनीने त्याचं जेनेरिक आणलं तेव्हा लोकांना हायसं वाटलं असेल, पण त्याची किंमत होती १८,३७५ डॉलर. जेनेरिक म्हणजे स्वस्त हे आपण गृहीत धरतो, आणि तापाच्या गोळीच्या बाबतीत ते बरोबरही आहे, कारण तिथे पन्नास कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात. गिऱ्हाईक मूठभर आणि विकणारे दोन असतील, तर दुसरा कशाला भाव पाडेल? पहिल्यापेक्षा थोडं कमी सांगितलं की झालं.

अमेरिकेतल्या किमतीत खलनायक शोधायला फार कष्ट पडत नाहीत. भारतातल्या शांततेत मात्र तो सापडत नाही.

मी पुण्यात नोकरी करतो, गाव असोदा. जळगावच्या अगदी जवळ. असोदा म्हटलं की लोकांना बहिणाबाई चौधरी आठवतात, कारण ते त्यांचं माहेर. आणि हिवाळा असेल तर भरिताची वांगी. आमच्या घरात केळी आणि कापूस. माझ्या चुलतभावाला एकोणिसाव्या वर्षी विल्सन्सचं निदान झालं. त्याआधी दीड-दोन वर्षं त्याचं अक्षर बिघडत होतं, जीभ जड पडत होती, चहाचा कप हातात थरथरत होता. पोरगा नाद करतो का, असं लोक काकांना आडून विचारायचे. निदान झालं त्या आठवड्यात काकूने देवघराशेजारचा तांब्याचा हंडा माळ्यावर टाकला. शेंगदाणेही बंद करायला सांगितले होते, आणि खान्देशातल्या घरात शेंगदाणे बंद म्हणजे भरीत, चटणी, अर्ध्या भाज्या बंद. त्याच्यासाठी वेगळी कढई आली.

पेनिसिलामाइनवर तो सुधारला. अक्षर परत आलं. तीन वर्षांनी लघवीत प्रथिनं जाऊ लागली आणि डॉक्टरांनी ते बंद करून ट्रायएन्टिन लिहिलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी ब्रँडचं नाव न लिहिता औषधाचं लिहिलं. जळगावातल्या दोन-तीन मेडिकलवाल्यांनी हे नावच ऐकलेलं नव्हतं. शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात ‘कम्प्युटरवाला’ मी.

शोध तसा फार लांबला नाही. यादी जाहीर होऊन काही महिने झाले होते. अडचण निघाली ती घरात. एका नातेवाइकाने काकांना परदेशी ब्रँडचं नाव सांगितलं होतं, आणि ‘असली’ तेच असंही. काकांनी दीड एकर काढायचं मनाशी ठरवून टाकलं होतं. मी भारतीय औषधाचं सांगितलं तर म्हणाले, ‘‘पोराले सस्तं औषध देऊ का रे भाऊ मी?’’

या वाक्यात जे आहे त्याला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणं मला जमलं नाही. आपल्याकडे माणसासाठी किती खर्च केला यावरून त्याच्यावर किती जीव होता हे मोजतात. लग्नात मोजतात, दहाव्याला मोजतात, दवाखान्यात तर मोजतातच. ‘काही कमी पडू दिलं नाही’ हे वाक्य आपण मेलेल्या माणसाच्या पोरांना प्रमाणपत्रासारखं देतो. शेत विकून महाग औषध आणलं आणि पोर वाचलं नाही, तर बाप निर्दोष. स्वस्त औषध दिलं आणि पोर वाचलं नाही, तर बाप आयुष्यभर स्वतःला विचारत राहणार. म्हणजे महाग औषध आणणाऱ्याला औषधाबरोबर एक माफीपत्रही मिळत असतं. काका खरं तर त्याचे पैसे मोजायला निघाले होते.

शिवाय त्यांच्या भीतीत तथ्य होतं. २०२२मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या कफ सिरपशी मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. आमच्या या चर्चेनंतर, २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं. या बातम्या वाचणाऱ्या माणसाला ‘भारतीय जेनेरिक डोळे मिटून घ्या’ असं सांगणं उर्मटपणाचं आहे. मी तसं सांगत नाही. पण त्या सिरपमध्ये विष आलं ते तपासणी झाली नाही म्हणून. तपासणीला पर्याय म्हणून किंमत वापरता येत नाही. महाग बाटलीच्या आतलंही कुणीतरी तपासावंच लागतं.

विल्सन्समध्ये एक सोय आहे, जी पुष्कळ आजारांत नसते. औषध काम करतंय की नाही हे मोजता येतं. चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमा करायची, प्रयोगशाळेत द्यायची, त्यात किती तांबं गेलं ते कळतं. यकृताच्या तपासण्या, रक्तातलं तांबं, सगळं मिळून डॉक्टर अंदाज बांधतात. आमच्या धंद्यात एखादी लायब्ररी कुणी लिहिली, फुकट आहे की विकत, यावरून आम्ही भरवसा ठेवत नाही, टेस्ट लावतो. मी काकांना म्हटलं, तीन महिने हे देऊ, कॅन भरू, आकडा बघू. आकडा बिघडला तर शेत आहेच.

तरी ते तयार झाले ते कॅनमुळे नाही. मी त्यांना ६५२ आणि २१,२६७ हे दोन आकडे सांगितले. पाच वर्षांत एवढा फरक का पडला, औषधात काय घातलं, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही घातलं, म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. केळीचा घड कापणीला आला की थांबत नाही, झाडावरच पिकतो. व्यापाऱ्याला हे माहीत असतं. जो भाव सांगेल तो घ्यावा लागतो, नाहीतर माल उकिरड्यावर. तीस वर्षं त्यांनी हे भोगलेलं. म्हणाले, ‘‘म्हंजे भाव मालाचा नाही, अडचणीचा राह्यतो.’’

औषधांच्या किमतींवर मी पुष्कळ वाचलं, पण याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही. विकणारा अडलेला असेल तर भाव पडतो, घेणारा अडलेला असेल तर चढतो. दोन्हीकडे माल तोच असतो. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो, पण गरजवंताकडे बहुतेक वेळा अक्कल पुरेशी असते, नसतो तो दुसरा दुकानदार. म्हणून जेनेरिक शोधणं याला काटकसर म्हणू नये असं मला वाटतं. ६५२चे २१,२६७ झाले तेव्हा वाढलेला प्रत्येक डॉलर रुग्णाच्या नाइलाजाचं माप होता, आणि ते माप आम्हाला मान्य नव्हतं.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो हलका नाही. सगळ्याच दुर्मीळ औषधांना ट्रायएन्टिनचा न्याय लावता येत नाही. त्याच चार औषधांच्या यादीत गोशे नावाच्या आजारावरचं एलिग्लुस्टॅट होतं; वर्षाचा खर्च १.८ ते ३.६ कोटींवरून ३ ते ६ लाखांवर आला. हे औषध अनेक वर्षांच्या संशोधनातून आणि चाचण्यांतून आलेलं, अमेरिकेत २०१४मध्ये मंजूर झालेलं. थोड्याच रुग्णांसाठी असं काही शोधायचं तर कुणीतरी पैसा घालायला हवा, आणि तो परत मिळेल अशी आशा हवी. अमेरिकेने १९८३मध्ये ऑर्फन ड्रग कायदा केला तो यासाठीच. ‘सगळ्या महाग किमती म्हणजे लूट’ असं म्हणून टाळ्या मिळतील, पण उद्याच्या रुग्णांची औषधं त्यातून येणार नाहीत. मला इतकंच म्हणायचं आहे की ज्याने शोध लावला त्याचा हक्क वेगळा आणि ज्याने नुसता नाका विकत घेतला त्याचा वेगळा. वॉल्शने कृती छापून टाकली होती. व्हॅलियंटने काही शोधलं नव्हतं.

(शोधाचं श्रेय द्यायचं तरी कुणाकुणाला? यादीतलं तिसरं औषध निटिसिनोन, टायरोसिनेमिया या बाळांच्या आजारावरचं. त्याची सुरुवात झाली कॅलिफोर्नियात, बॉटलब्रशच्या झाडाखाली तण उगवत नाही हे एका शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं तिथून. त्यातून तणनाशकं निघाली, आणि त्यातलं एक १९९१मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी बाळांना देऊन पाहिलं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. फवारणीच्या पंपाकडे बघून म्हणाले, असेल.)

आता त्या शांततेकडे येतो. भारतात विल्सन्सचे रुग्ण किती? तीस हजारांत एक धरलं तर १४० कोटींत सत्तेचाळीस हजारांच्या आसपास. त्यातल्या किती जणांचं निदान झालंय? ज्यांचं झालंय त्यातल्या बहुतेकांचं पेनिसिलामाइन किंवा झिंकवर भागतं, आणि ही दोन्ही इथे स्वस्त आहेत. उरले ज्यांना ट्रायएन्टिनच हवं. त्यातले किती जण पैसे देऊ शकतात? गाळणीतून गाळत गेलं की तळाशी काही थेंब उरतात. औषध कंपनीतल्या एखाद्या मॅनेजरपुढे हा कागद आला असेल, तर त्याने तो बाजूला ठेवला असेल. त्याने कुणाचं वाईट चिंतलं नाही. कायदा मोडला नाही. त्याच वेळात त्याने मधुमेहाचं औषध स्वस्त करून लाखोंचं भलं केलं असेल. सरकारी अधिकाऱ्यापुढे आला असेल, तर तोही म्हणाला असेल, आधी क्षयरोग.

हे मला परकं वाटत नाही. आमच्याकडे बगची यादी असते, आणि प्रत्येक बगापुढे तो किती युजर्सना त्रास देतो याचा आकडा. ज्याच्यापुढे तीन लिहिलंय तो दर पंधरा दिवसांनी पुढच्या पंधरवड्यात ढकलला जातो. त्याला ‘नाही’ कुणीच म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. मी या पद्धतीला वाईट म्हणत नाही, कारण वेळ मर्यादित असेल तर याहून न्याय्य काय करणार? पण त्या तीन युजर्सना दुसरं ॲप घेता येतं. विल्सन्सच्या रुग्णाला दुसरं शरीर घेता येत नाही.

आपली नीती बहुतेक करून कृत्यांची आहे. कुणी मारलं, कुणी लुटलं, कुणी फसवलं, हे विचारायला आपल्याला शिकवलेलं आहे. न केलेल्या गोष्टींचा हिशेब आपण तेव्हाच मागतो, जेव्हा करणं कुणाचं तरी ठरलेलं काम असतं: आईने पाजलं नाही, पहारेकऱ्याने पाहिलं नाही. ज्याला कोणी अडवलं नव्हतं आणि ज्याच्यावर कोणी सोपवलंही नव्हतं, अशा कामाचं काय? हजार लोकांना ते करता येण्यासारखं असतं, आणि म्हणूनच कुणा एकाने ते का केलं नाही असं विचारता येत नाही. जबाबदारी हजारांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ शून्य येते. रुग्णाच्या वाट्याला मात्र आख्खी अनुपस्थिती येते, तिचे हजार भाग होत नाहीत.

यातून सुटका कशी होते हे २०२३ने दाखवलं, आणि ती फार काव्यात्म नाही. सरकारने यादी केली. कोणते आजार, कोणती औषधं, कोण बनवू शकेल, परवानगी कुठे अडते. कंपन्यांना बोलावून बसवलं. म्हणजे जे काम कुणाचंच नव्हतं ते कुणाचं तरी करून टाकलं. जादूची कांडी याहून मोठी नव्हती. आणि हेच २०१३मध्ये का झालं नाही, याचं उत्तर पुन्हा तेच: अडवलं कोणी नव्हतं.

त्या आधीही राज्यसंस्था हातावर हात धरून बसली होती असं नाही. २०२१मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख झाली. ती ठरलेल्या मोठ्या केंद्रांतून मिळते. आपल्याकडे मुंबईचं केईएम त्यातलं एक. ५० लाख हा आकडा ऐकायला केवढा मोठा वाटतो. पण वर्षाला २.२ कोटींनी भागून पाहा: तीन महिनेही पुरत नाही. चौथ्या महिन्यात त्या कुटुंबाने काय करायचं? २.२ लाखांनी भागलं तर तेच पैसे बावीस वर्षं पुरतात. एकाच रकमेला पहिल्या हिशेबात भीक म्हणावं लागतं, दुसऱ्यात उपचार. मदत किती द्यायची यावर आपण वर्षानुवर्षं वाद घालतो, कोर्टात जातो, आणि भाजक बदलला तर वादच उरत नाही हे सहसा कुणी म्हणत नाही.

तो भाजक बदलेपर्यंत लोकांपुढे दुसरा रस्ता असतो तो पैसे मागण्याचा. २०२१मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनचे पैसे लोकांनी ऑनलाइन गोळा केले, आणि केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. देणाऱ्यांचं मन मोठंच. पण त्या साइट्सवर जाऊन बघा: ज्या बाळाचे डोळे मोठे, ज्याचे आईबाप इंग्रजीत लिहू शकतात, ज्याच्या मामाच्या ऑफिसात दोनशे लोक आहेत, त्याची पट्टी पुढे सरकते. माझा भाऊ तेव्हा बावीस वर्षांचा, दाढी वाढलेला, बोलताना अडखळणारा. त्याचा फोटो टाकून चौथ्या दिवशी काय झालं असतं याचा अंदाज मला आहे.

आता औषध घरात आहे, तर अडचण तापमानाची आहे. हा क्षार दोन ते आठ अंशांत ठेवावा लागतो. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी वीज जाते. मी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बर्फाच्या डब्यातून दोन महिन्यांचा साठा नेतो. काकूने फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावली आहे, वीज गेली की दार उघडू नये म्हणून. सामान्य तापमानाला टिकणारा याच औषधाचा दुसरा क्षार अमेरिकेत २०२२मध्ये मंजूर झाला आहे. तो नवा, पेटंटवाला आणि महाग. म्हणजे स्वस्त पर्यायाच्या किमतीत एक फ्रिज, एक इन्व्हर्टर आणि काकूची दुपारची झोपही धरायला हवी. सरकारी तक्त्यात ती नाही. महिन्याला अठरा हजार हेही शेतकऱ्याच्या घराला थोडे नव्हेत. दीड एकर वाचलं, पण सालाचं केळीचं उत्पन्न कुठे जातं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

या सगळ्यात ‘दुर्मीळ’ या शब्दावर माझा विश्वास मात्र कमी झाला. असोद्याहून उत्तरेला तापी ओलांडली की यावल, रावेर, चोपडा, आणि त्यापलीकडे सातपुडा. तिथल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांत, तसंच पश्चिमेला नंदुरबारात, सिकलसेल काही दुर्मीळ नाही. घरोघरी ठाऊक आहे. मोठ्यांसाठी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वर्षानुवर्षं मिळतात. पण लहान मुलाला वजनाप्रमाणे मोजून देता येईल असं पातळ औषध परदेशातून आणायचं तर बाटलीला सत्तर हजारांच्या घरात. नोव्हेंबर २०२३च्या त्याच घोषणेत सांगितलं होतं की ते इथे ४०५ रुपयांना मिळू शकेल. इथे रुग्ण कमी होते म्हणून औषध बनलं नाही, असं कुणाला म्हणता येईल? गाळणी तीच होती, फक्त गाळायची सुरुवात खालच्या टोकाकडून झाली. आधी पैसे देऊ शकणारे किती हे मोजलं गेलं, मग आजारी किती याची गरज उरली नाही.

मंत्रालयाने पुढच्या टप्प्यासाठी आणखी चार नावं सांगितली होती: सॅप्रोप्टेरिन, सोडियम फिनाइलब्युटिरेट, कार्ग्लुमिक ॲसिड, मिग्लुस्टॅट. चारही चयापचयाच्या आजारांवरची. मी ती नावं फोनमध्ये टिपून ठेवली आहेत. गेल्या दिवाळीत गावातल्या एका ओळखीच्या बाईने त्यातल्या एका आजाराचं नाव कागदावर लिहून आणलं होतं, बहिणीच्या नातवासाठी. कागद इंग्रजीत होता, दवाखान्यातल्या कुणीतरी लिहून दिलेला. काकांनी तो माझ्याकडे देण्याआधी बाईला विचारलं, लघवीच्या कॅनने कळतं का याच्यात? मी म्हटलं, नाही काका, याच्यात रक्त लागतं.